जेनेसिसचा 'आर्काइव्ह १९६७–७५': अप्रकाशित नेमकं काय, डागडुजी कुठे, आणि ऐकायला कुठून घ्यावं

रीळवाला (धागाकर्ता)

जेनेसिस या ब्रिटिश रॉक बँडचा हा चार सीडींचा संच १९९८ साली आला. प्रोग रॉकच्या धाग्यांवर त्याची ओळख 'गॅब्रिएलच्या काळातली अप्रकाशित गाणी' अशी एका दमात करून दिली जाते (गॅब्रिएल म्हणजे पीटर गॅब्रिएल, बँडचा तेव्हाचा गायक). मग कुणीतरी पहिली सीडी लावतं आणि 'हे तर लॅम्बच आहे की' म्हणून परत येतं. संचात वेगवेगळ्या जातीचा माल आहे. तो आधी निवडून घेतला तर निराशा होत नाही.

सीडी १ आणि २: 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' हा अख्खा अल्बम, लॉस एंजेलिसच्या श्राइन ऑडिटोरियममध्ये २४ जानेवारी १९७५ रोजी वाजवलेला. गाणी सगळी आधी आलेली, फक्त हा प्रयोग नवा. आणि त्यावर नव्वदच्या दशकात बरंच काम झालंय, त्याबद्दल खाली बोलूच.

सीडी ३: लंडनच्या रेनबो थिएटरमधला २० ऑक्टोबर १९७३ चा कार्यक्रम. 'सपर्स रेडी' इथे साडेसव्वीस मिनिटांच्या आसपास जातं. शेवटी जोडलेली शेपटी: 'स्टॅग्नेशन'चं १९७१ चं बीबीसी रूप, 'ट्वायलाइट एलहाउस', 'हॅपी द मॅन' आणि 'वॉचर ऑफ द स्काइज'चं सिंगलसाठी छोटं केलेलं रूप. यातली शेवटची तिन्ही अप्रकाशित नव्हती. 'हॅपी द मॅन' १९७२ मध्ये सिंगल म्हणून आलं होतं, 'ट्वायलाइट एलहाउस' १९७४ च्या 'आय नो व्हॉट आय लाइक'च्या मागच्या बाजूला होतं. मोठ्या अल्बमवर नव्हती, एवढंच.

सीडी ४: खरी तिजोरी ही. १९६७ ते १९७० मधले डेमो, कच्ची मिक्स (शेवटची सजावट चढण्याआधीची रूपं) आणि बीबीसीच्या 'नाइट राइड' कार्यक्रमासाठी फेब्रुवारी १९७० मध्ये केलेली तीन गाणी: 'शेफर्ड', 'पॅसिडी', 'लेट अस नाऊ मेक लव्ह'. ही तिन्ही बँडच्या कुठल्याच अल्बमवर गेली नाहीत.

माझं मत: चौथीपासून सुरुवात करा आणि पहिलीकडे उलटे या. लॅम्ब शेवटी.

---

नादखुळा

+१. पण चौथी सीडी आहे तशी लावू नका. तिची मांडणी काळाच्या उलट आहे. सुरुवातीला १९७० ची बीबीसी गाणी आणि शेवटी १९६७ ची शाळकरी पोरं. म्हणजे ऐकता ऐकता बँड लहान होत जातो. संपादकांचा हेतू उघड आहे, चांगलं वाजवलेलं आधी ऐकवायचं. समजून घ्यायचं असेल तर प्लेलिस्ट उलटी करा. 'पॅट्रिशिया', 'ट्राय अ लिटल सॅडनेस', 'शी इज ब्यूटिफुल' ही १९६७ ची तीन आधी, मग १९६८ चे डेमो, मग त्याच वर्षाची कच्ची मिक्स, त्यानंतर 'डस्क' आणि 'गोइंग आउट टु गेट यू', शेवटी बीबीसी.

असं लावलं की जुनी सामग्री पुढे कुठे मुरली ते आपोआप कळतं. 'पॅट्रिशिया' ही शब्दांविना असलेली धून, तीच पहिल्या अल्बमवर शब्द घालून 'इन हायडिंग' झाली. 'शी इज ब्यूटिफुल'चं 'द सर्पंट' झालं. 'डस्क' १९७० च्या 'ट्रेसपास'वर गेलं. 'गोइंग आउट टु गेट यू' मात्र कुठेच लागलं नाही, आणि खरं सांगायचं तर लागायला हवं होतं. त्यात पहिल्यांदा बँड जोर लावून वाजवतोय असं वाटतं.

ऐकताना ढोलकऱ्यांकडे लक्ष असू द्या. आधी ख्रिस स्ट्युअर्ट, मग जॉन सिल्व्हर, मग जॉन मेह्यू. ढोलकरी फिल कॉलिन्स ऑगस्ट १९७० मध्ये आला आणि गिटारवाला स्टीव्ह हॅकेट १९७१ च्या सुरुवातीला. त्यामुळे चौथ्या सीडीवर दोघांपैकी कुणीही नाही. मुख्य गिटार अँथनी फिलिप्सची.

---

मंद्रसप्तक

कच्च्या मिक्सबद्दल थोडं. पहिला अल्बम 'फ्रॉम जेनेसिस टु रेव्हलेशन' डेक्कावर मार्च १९६९ मध्ये आला, निर्माता जोनाथन किंग. बँडचं रेकॉर्डिंग ऑगस्ट १९६८ मध्ये लंडनच्या रीजेंट साउंडमध्ये चार ट्रॅकवर झालं. त्यावर आर्थर ग्रीनस्लेडने बांधलेली व्हायोलिनं आणि पितळी वाद्यं नंतर चढवली. जागा करायला बँडचं सगळं वाजवणं आटवून एका चॅनलमध्ये कोंबलं आणि दुसऱ्या चॅनलवर वाद्यवृंद. स्टिरिओच्या नावाखाली एका कानात बँड, दुसऱ्यात लग्नाचा हॉल. फिलिप्स यावर भडकला होता, ते योग्यच.

आर्काइव्हवर 'वन डे'चं वाद्यवृंदाआधीचं कच्चं मिक्स आहे. हे आणि अल्बमवरचं रूप पाठोपाठ ऐका. पियानोचा डावा हात आणि अकूस्टिक गिटारचं बोटकाम कच्च्या मिक्समध्ये सुटं ऐकू येतं, अल्बमवर ते व्हायोलिनांखाली दबलंय.

जी गाणी कच्च्या रूपात मिळत नाहीत त्यांच्यासाठी एक उपाय घरच्या घरी होतो:

१. अल्बमची स्टिरिओ आवृत्ती घ्या. मोनो आवृत्ती इथे कामाची नाही, तिच्यात दोन्ही बाजू आधीच एक झाल्यात.
२. ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) उघडून 'स्प्लिट स्टिरिओ टु मोनो' करा.
३. दोन्ही चॅनल आलटून पालटून बंद करून बघा. ज्यात बँड आहे तो ठेवा, दुसरा काढून टाका.
४. उरलेला मोनो म्हणूनच निर्यात करा. त्यावर कृत्रिम स्टिरिओचा इफेक्ट चढवू नका, झांजांचा चिवडा होतो.

प्रत्येक गाण्यात विभागणी इतकी कडक नाही. एको एका बाजूचा दुसऱ्या बाजूला सांडलेला असतो, तेव्हा व्हायोलिनांची मागे सावली राहते. ती घालवायला गेलात तर गॅब्रिएलचा आवाजही पातळ होतो. राहू द्या.

---

कुडाळकर

मूळ वादाचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून मी काढतो. श्राइनची सीडी 'लाइव्ह' म्हणून विकणं मला पटत नाही. गॅब्रिएलने आपला आवाज १९९५ मध्ये पुन्हा रेकॉर्ड केला, हॅकेटने गिटारचे भाग दुरुस्त केले, आणि शेवटचं 'इट' तर त्या रात्रीचं नाहीच. टेप संपली होती म्हणून स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगवर नवा आवाज चढवला. पंचविशीच्या गायकाच्या बँडवर पंचेचाळिशीचा गायक गातोय. ज्याला दस्तऐवज म्हणतात तो असा नसतो.

---

रीळवाला

@कुडाळकर, तक्रार मान्य, पण कारण बघा. त्या दौऱ्यात 'कॉलनी ऑफ स्लिपरमेन'ला गॅब्रिएल गाठीगाठींचा फुगीर पोशाख घालून यायचा. त्यात माइक तोंडाजवळ जातच नव्हता. टेपवर जे आलं ते पोशाखाच्या आतून आलेलं. इतर ठिकाणी धावपळीत धाप लागलेली. बँडचं वाजवणं उत्तम आणि आवाज निकामी, अशा टेपचं दोनच गोष्टी करता येतात: कपाटात ठेवायची किंवा आवाज नव्याने घ्यायचा.

माझी हरकत वेगळी आहे. कुठल्या गाण्यात किती बदललं ते गाणंनिहाय छापायला हवं होतं.

---

कुडाळकर

छापलं असतं तर अर्धा वाद मिटला असता, हे खरं. पण 'आवाज निकामी' हे ठरवणार कोण? धाप लागलेला गॅब्रिएल हाही त्या रात्रीचाच भाग. मला तो चालला असता.

---

मंद्रसप्तक

ज्यांना डागडुजी स्वतः ओळखायची आहे त्यांच्यासाठी. चांगला हेडफोन लागतो, स्पीकरवर हे कळत नाही.

पहिली खूण लीकेज. स्टेजवरच्या गायकाच्या माइकमध्ये झांजा आणि स्नेअर शिरतातच. खऱ्या लाइव्ह गाण्यात ओळ संपून माइक उघडा राहतो तेव्हा झांज जवळ आल्यासारखी वाटते, आणि मिक्स करणाऱ्याने माइक खाली घेतला की ती मागे जाते. नव्या आवाजात हे होत नाही, ओळ आली काय आणि गेली काय, झांज जागच्या जागी. श्राइनच्या सीडीवर हे बऱ्याच ठिकाणी दिसतं.

दुसरी खूण श्वास. बंद स्टुडिओत जवळच्या माइकवर घेतलेला श्वास सुका आणि मोठा येतो, हॉलचा घुमार त्याला चिकटत नाही. ओळीला घुमार आणि श्वासाला नाही, असं आढळलं की समजायचं.

तिसरी, पोत. १९७५ चा गॅब्रिएल वरच्या सुरात कडा धारदार ठेवतो. १९९५ चा आवाज खालच्या पट्टीत भरदार आणि किंचित खरखरीत. ही खूण तिसऱ्या क्रमांकावर ठेवलीये कारण कानाला आधी सांगितलं की तो तेच ऐकतो.

---

झांजपथक

प्रश्न: १९७३ चं रेनबो इतकं स्वच्छ आणि त्याच्या पाच वर्षं आधीचे डेमो इतके मातकट, हे कसं काय? पाच वर्षांत एवढा फरक?

---

रीळवाला

काळाचा फरक कमी, पद्धतीचा जास्त. रेनबोचं रेकॉर्डिंग मल्टिट्रॅकवर होतं, म्हणजे प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर, म्हणून मिक्स करणाऱ्या निक डेव्हिसला प्रत्येक वाद्य सुटं मिळालं. २००९ च्या 'जेनेसिस लाइव्ह १९७३–२००७' संचात त्याच कार्यक्रमाचं ५.१ (सराउंड) मिक्सही आलं, ते सुट्या ट्रॅकशिवाय जमत नाही. डेमो म्हणजे थेट मोनो, तेही प्रतीची प्रत. प्रत्येक प्रतीमागे हिस्स (टेपची सळसळ) चढतो. दोन प्रतींत साधारण तीन डीबी, चार झाल्या की सहा. वरचे सूरही थोडे थोडे घासतात.

त्या काळात डेमो दाखवायला अनेकदा अ‍ॅसिटेट कापून द्यायचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या तबकडीवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर. ती दहा-वीसदा वाजवली की खोबणी झिजते. अशी मोनो तबकडी वाजवताना स्टिरिओ कार्ट्रिज (सुई बसवलेला पिकअप) वापरून दोन्ही चॅनल बेरजेत घ्यावे लागतात. सुई वर-खाली हलून येणारा आवाज त्यात आपसात कटतो आणि खरखर बरीच उतरते.

---

स्पूलबाबा

टेपचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण घरातले जुने स्पूल घेऊन लोक यूट्यूब बघून भट्टी लावतात.

टेप भाजणं हा उपाय सगळ्या टेपांना नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासूनच्या काही टेपांत, अँपेक्स ४०६ आणि ४५६ ही ठळक नावं, चुंबकी थर धरून ठेवणारा डिंक हवेतला ओलावा पितो आणि चिकट होतो. वाजवताना टेप किंचाळते, हेडवर तपकिरी लगदा बसतो. ही लक्षणं असतील तरच. रीत अशी:

- तापमान ५४ अंश सेल्सियसच्या आसपास, स्थिर. पाव इंची टेपला आठ तास, रुंद टेपला त्याहून बराच जास्त वेळ, दोन इंचीला दिवसभरही.
- रीळ आडवं, प्लास्टिकचं असेल तर काढून धातूच्या रिळावर. अर्ध्या वेळाने पालटायचं.
- स्वयंपाकघरातला ओव्हन नाही. त्याचा काटा पंधरा-वीस अंश इकडेतिकडे फिरतो. फळं वाळवायचं पंख्याचं यंत्र किंवा प्रयोगशाळेतला इन्क्युबेटर, आणि आत वेगळा थर्मामीटर.
- जितका वेळ भाजली तितका वेळ निवू द्यायची, मगच हात लावायचा. नंतर काही आठवड्यांत डिजिटल करून मोकळं व्हायचं, ओलावा परत शिरतो.

साठच्या दशकातली अ‍ॅसिटेट पायाची टेप मात्र चुकूनही भाजू नका, ती आक्रसते आणि कडक होते. ओळखायची कशी? गुंडाळलेलं रीळ बाजूने उजेडासमोर धरा. उजेड आरपार झिरपला तर अ‍ॅसिटेट, अंधार दिसला तर पॉलिएस्टर. व्हिनेगरसारखा वास आला तर ती टेप आधी घ्या, बाकीची नंतर.

आणि एक. इक्वलायझेशन म्हणजे टेपवर भरताना आणि वाजवताना वरचे-खालचे सूर किती चढवायचे-उतरवायचे याचा ठरलेला नियम. ब्रिटिश स्टुडिओंच्या टेपा सहसा आयईसी इक्वलायझेशनच्या, अमेरिकन नॅबच्या. १५ इंच वेगाची आयईसी टेप नॅबवर लावली तर वरचे सूर सुमारे तीन डीबी चढतात आणि ५० हर्ट्झजवळ तेवढेच उतरतात. चकचकीत, पण पोटात काही नाही. याला लोक 'जुन्या रेकॉर्डिंगचा आवाज' समजतात. अझिमथ (हेडचा टेपशी असलेला कोन) आधी लावा, इक्वलायझेशन मग तपासा, आणि हिस्स काढायचं सॉफ्टवेअर अगदी शेवटी, जमलं तर नाहीच.

---

झांजपथक

वाचनखूण साठवली. डेमोंचा वेग बरोबर आहे का हे कसं तपासतात? काही गाणी किंचित वरच्या सुरात वाटतात.

---

स्पूलबाबा

विजेच्या गुणगुणीवरून. ब्रिटनमध्ये ५० हर्ट्झ, अमेरिकेत ६०. म्हणजे रेनबो आणि डेमोंना ५०, श्राइनला ६०. गाण्याआधीचा किंवा नंतरचा शांत तुकडा निवडा, ऑडॅसिटीत 'प्लॉट स्पेक्ट्रम', आकार ६५५३६. ४४.१ किलोहर्ट्झला एक खण ०.६७ हर्ट्झचा पडतो, तो ५० ला जाडाभरडा आहे. म्हणून तिसरा हार्मोनिक (५० ची तिप्पट), १५० च्या आसपासचा, बघा. चूक एक तृतीयांश होते. तिथे १५३ दिसलं तर टेप दोन टक्के वेगात, म्हणजे सूर साधारण ३४ सेंट चढलेला (शंभर सेंट म्हणजे एक अर्धसूर).

फसगत कुठे होते: प्रत काढताना दुसऱ्या यंत्राची गुणगुण मिसळते. मग शेजारी शेजारी दोन शिखरं दिसतात, एक नेमकं १५० वर आणि एक सरकलेलं. सरकलेलं ते मूळ रेकॉर्डिंगचं. मास्टरिंगमध्ये गुणगुण कापली असेल तर काहीच दिसत नाही, तेव्हा हा उपाय सोडून द्या. आणि मेलोट्रॉनच्या सुराशी ताडून वेग ठरवू नका. प्रत्येक पट्टीखाली जेमतेम आठ सेकंदांची टेप ओढणारं ते वाद्य, खूप पट्ट्या एकदम दाबल्या की स्वतःच खाली घसरतं.

---

नादखुळा

धाग्याच्या विषयात '१९७०–१९७५' हा २००८ चा संच यायलाच हवा. आर्काइव्हवर जे सुटलं ते त्याच्या जादा सीडीवर आहे: 'जेनेसिस प्लेज जॅक्सन'. जानेवारी १९७० मध्ये जॅक्सन नावाच्या एका चित्रकारावरच्या बीबीसी माहितीपटासाठी चार तुकडे रेकॉर्ड झाले, निर्माता पॉल सॅमवेल-स्मिथ. माहितीपट दाखवला गेला नाही, टेप तशीच राहिली. चार नावं: 'प्रोव्होकेशन', 'फ्रस्ट्रेशन', 'मॅनिप्युलेशन', 'रेझिग्नेशन'.

'मॅनिप्युलेशन' लावा. 'द म्युझिकल बॉक्स'ची सुरुवात समोर उभी राहते, १९७१ च्या 'नर्सरी क्राइम'च्या जवळजवळ दोन वर्षं आधी, हॅकेट आणि कॉलिन्स यायच्या आधी. म्हणजे ते बारा तारी गिटारचं विणकाम फिलिप्सच्या काळातलं, याचा पुरावा कानाला मिळतो. 'प्रोव्होकेशन'मध्ये 'फाउंटन ऑफ साल्मासिस'चं तोंड आहे. आणि 'फ्रस्ट्रेशन' तर पार १९७४ मध्ये लॅम्बवर 'एनीवे' म्हणून उगवलं. जवळजवळ पाच वर्षं राखून ठेवलेला पियानो. कीबोर्डवाला टोनी बँक्स काही फेकत नाही.

चौथी सीडी उलट्या क्रमाने लावताय तर हे चार तुकडे 'नाइट राइड'च्या तीन गाण्यांच्या आधी घाला. जानेवारी आणि फेब्रुवारी, एकाच हिवाळ्यातला बँड. त्यानंतर लगेच 'ट्रेसपास'.

---

कुडाळकर

२००८ च्या संचाचा आवाज मात्र दाबलेला आहे. मिक्स सुटसुटीत, पण वर लिमिटर (जोरदार जागा दाबून एकूण आवाज मोठा करणारी प्रक्रिया) चढवलाय, 'ट्रेसपास'मधल्या हळू-जोरदारच्या उड्या बुटक्या झाल्यात.

---

मंद्रसप्तक

सहमत, पण तुलना नीट करा, नाहीतर मोठा आवाज तोच चांगला वाटतो. बीबीसीची तीन गाणी १९९८ आणि २००८ अशा दोन्ही संचांत आहेत, तीच घ्या. फूबार या प्लेअरमध्ये दोन्हींचं ट्रॅकनिहाय रिप्लेगेन (आवाजाची पातळी सारखी करणारा आकडा) काढा, लागू करा, मगच एबीएक्स चाचणीने नाव न बघता ऐका. पातळीत एक डीबीचा फरक राहिला तरी निकाल फसतो. डीआरचा (डायनॅमिक रेंजचा, हळू-जोरदारमधल्या अंतराचा) आकडा बघायचा तर फक्त सीडी विरुद्ध सीडी. एलपीवरून उतरवलेल्या फायलीचा डीआर तबकडीच्या यांत्रिकीमुळेच फुगतो, तो पुरावा नव्हे.

सीडी संगणकावर उतरवताना सिक्युअर मोड आणि अ‍ॅक्युरेटरिप (प्रत बिनचूक आली का ते ताडून बघणारी सोय) चालू ठेवा. श्राइनची गाणी एकमेकांत जोडलेली आहेत, गॅपलेस (मध्ये खंड न पाडता वाजवणं) बंद असलं तर प्रत्येक जोडावर ठेच लागते.

---

झांजपथक

दुसरा 'आर्काइव्ह' घ्यावा का? १९७६ ते १९९२ वाला.

---

रीळवाला

२००० साली आला, तीन सीडी. त्यात चौथ्या सीडीसारखी तिजोरी नाही, बहुतेक सिंगलच्या मागच्या बाजू, रीमिक्स आणि लाइव्ह. वर 'मॅच ऑफ द डे' आणि 'मी अँड व्हर्जिल' गाळलेली. ती हवी असतील तर २००७ चा '१९७६–१९८२' संच बघा.

अशाच मालासाठी इतर बँड: जेंटल जायंटचा 'अंडर कन्स्ट्रक्शन' (१९९७) हा डेमोंचा, रचना कशी बांधतात ते बघायला उत्तम. व्हॅन डर ग्राफ जनरेटरचा 'टाइम व्हॉल्ट्स' (१९८२) तालमीच्या टेपांचा, आवाज फार वाईट, भक्तांनीच घ्यावा. जाइल्स, जाइल्स अँड फ्रिपचे 'ब्राँड्सबरी टेप्स' १९६८ मध्ये घरी रेव्हॉक्स टेप रेकॉर्डरवर केलेले, आणि वर डेमोंच्या मातकटपणाबद्दल विचारलंय त्यांनी ते जरूर ऐकावेत. घरचंच रेकॉर्डिंग, तेही एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर उड्या मारत केलेलं, तरी जेनेसिसच्या डेमोंपेक्षा कितीतरी स्वच्छ. पीटर जाइल्स माइक कुठे ठेवायचा ते जाणून होता.

---

कुडाळकर

कॅन या जर्मन बँडचा 'द लॉस्ट टेप्स' (२०१२) राहिला. तीन सीडी, त्यांचा वायलर्सविस्टचा स्टुडिओ संग्रहालयाला विकताना कपाटातून निघालेल्या टेपांवरून. इर्मिन श्मिट आणि डॅनियल मिलर यांनी निवडलं, जोनो पॉडमोरने कापलं. ते सोडून श्राइनसाठी पैसे घालू नका, एवढंच म्हणणं.

---

रीळवाला

कॅनवर वेगळा धागा काढा, तिथे भांडू. श्राइन ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी आधी लॅम्बचा २०२५ चा पन्नाशीचा संच बघून घ्यावा. त्यात तोच कार्यक्रम आहे, शिवाय शेवटची 'वॉचर ऑफ द स्काइज' आणि 'द म्युझिकल बॉक्स' ही दोन जादा गाणी, जी १९९८ मध्ये दिली नव्हती. चौथी सीडी मात्र त्यात नाही, तिच्यासाठी जुना आर्काइव्हच शोधायचा. सेकंडहँड घेताना विकणाऱ्याला चारही तबकड्यांचे आणि पुस्तिकेचे फोटो मागा. सुटी चौथी तबकडी कमी पैशात मिळाली तरी चालेल, पण पुस्तिका नसेल तर कुठलं गाणं कुठल्या वर्षाचं हे वरच्या प्रतिसादांवरून उतरवून ठेवा.